पियानोचा स्वर विरताना किती उतरतो: मोजायची पद्धत आणि नेहमीच्या चुका

पट्टी दाबायची, ट्यूनरचं ॲप समोर धरायचं, काटा चार-पाच सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली आलेला बघायचा आणि "स्वर इतका उतरला" असं लिहून मोकळं व्हायचं. बरेच जण असंच करतात आणि बहुतेक वेळा तो आकडा चुकीचा असतो. काटा हलला हे खरं, पण त्यामागे निदान चार कारणं असू शकतात.

एक, जोरात कंप पावणारी तार क्षणभर जास्त ताणली जाते, म्हणून सुरुवातीला तिची वारंवारता किंचित जास्त असते आणि आवाज विरतो तशी ती खाली येते. बहुतेकांना मोजायची असते ती हीच घसरण. दोन, तार एकाच वेळी अनेक वारंवारतांनी कंप पावते; त्यांतली प्रत्येक म्हणजे एक आंशिक स्वर, आणि सर्वांत खालचा, पहिला, तो मूळ स्वर. यांतले वरचे आंशिक स्वर लवकर मरतात, त्यामुळे ॲपला दिसणारं मिश्रण बदलतं. तीन, एकाच पट्टीला दोन किंवा तीन तारा असतात आणि त्या एकमेकींच्या किंचित वर-खाली असतात. चार, उपकरणच खोटं बोलतं. खालचे सगळे टप्पे शेवटची तीन कारणं बाजूला सारण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका, कारण पुढच्या टप्प्यातला आकडा मागच्या टप्प्याच्या भरवशावर असतो.

१. काय मोजायचं ते आधी ठरवा

एका वेळी एक तार आणि त्या तारेचा एकच आंशिक स्वर. "स्वराची उंची" नावाची एकच गोष्ट पियानोत नसते.

पियानोची तार कडक पोलादी असते. तिचे आंशिक स्वर मूळ स्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट नसतात, थोडे वर सरकलेले असतात. मधल्या सप्तकाच्या आसपास कडकपणाचा गुणांक ०.०००४ धरला, तर दुसरा आंशिक स्वर अपेक्षेपेक्षा सुमारे १ सेंट वर असतो, चौथा सुमारे ५ सेंट आणि आठवा २१ सेंटांहून थोडा जास्त. ट्यूनरचं ॲप किंवा ऑटोकोरिलेशनवर (लाट किती वेळाने स्वतःसारखी परत येते ते बघण्यावर) चालणारा, स्वराची उंची शोधणारा कुठलाही पिच-ट्रॅकर या सगळ्यांमधून एक तडजोडीचा आकडा काढतो. पहिल्या सेकंदात आठवा, सहावा, पाचवा एकेक करून विझत जातात आणि तडजोडीचा आकडा खाली येतो. प्रत्यक्षात एकही आंशिक स्वर जागचा हललेला नसतो.

कानाचंही थोडंफार असंच होतं. "मला स्पष्ट ऐकू येतंय" हा पुरावा धरू नका.

कोणता आंशिक स्वर घ्यावा? मधल्या भागात पहिला किंवा दुसरा. खालच्या सप्तकांत मूळ स्वराच्या मागे लागू नका. तिथे साउंडबोर्ड (तारांचं कंपन हवेत पोचवणारा पियानोचा लाकडी फलक) मूळ स्वर नीट बाहेर टाकतच नाही, शिवाय १ सेंट म्हणजे अगदीच लहान फरक असतो. ५५ हर्ट्झला १ सेंट म्हणजे जेमतेम ०.०३ हर्ट्झ. त्याच तारेचा चौथा आंशिक स्वर २२० च्या आसपास असतो आणि तिथे १ सेंट म्हणजे ०.१२७ हर्ट्झ. चौपट सोपं काम.

२. पियानोची तयारी

सुरुवात खालच्या टोकाच्या स्वरांपासून करा. तिथे प्रत्येक पट्टीला एकच, तांबं गुंडाळलेली तार असते, त्यामुळे काही बंद करावं लागत नाही. त्यांच्या वर काही स्वरांना दोन-दोन आणि मग तीन-तीन तारा येतात. तिथे एक तार मोकळी ठेवून बाकीच्या रबरी म्यूट (तारांमध्ये खोचायची पाचर) किंवा फेल्टच्या पट्टीने गप्प करा.

म्यूट नुसता टेकलेला नको, घट्ट बसलेला हवा. अर्धवट दाबलेली तार थोडी थोडी कंप पावत राहते आणि पुलावरून (तारा साउंडबोर्डावर ज्या लाकडी पट्टीवर टेकतात तिच्यावरून) मोकळ्या तारेला ओढत राहते. उलट, म्यूटची कड मोकळ्या तारेला लागली तर तीच लवकर विरते.

तपासणी: पट्टी दाबून धरा आणि गप्प केलेल्या तारा नखाने छेडा. "टक्" असा मेलेला आवाज यायला हवा. मग मोकळी तार छेडा, ती बराच वेळ गुंजली पाहिजे.

उजवं पेडल दाबू नका. ते दाबलं की सगळे डॅम्पर (तारांवर टेकून त्यांना गप्प ठेवणारे फेल्टचे तुकडे) उचलले जातात आणि नातेवाईक, म्हणजे सुरात जुळणाऱ्या, तारा सोबतीला गाऊ लागतात. फक्त पट्टी बोटाने दाबून धरा आणि स्वर पूर्ण विरेपर्यंत सोडू नका. सगळ्यात वरच्या स्वरांना डॅम्परच नसतात, त्या तारा नेहमीच मोकळ्या असतात. मधल्या स्वराचा वरचा आंशिक स्वर मोजताना त्याच्याशी जुळणारी वरची तार गुंजत असेल, तर तिथेही फेल्ट अडकवा.

मोजणीच्या आधी तार वर-खाली जुळवू नका. जुळवावीच लागली तर नंतर जोराचे दोन-चार आघात देऊन ती बसू द्या. ताजी फिरवलेली तार आघातासरशी सरकते, आणि ते सरकणं आपल्या घसरणीसारखंच दिसतं.

३. रेकॉर्डिंग

मायक्रोफोन स्टँडवर, तारांपासून वीस-तीस सेंटिमीटरवर. हातात धरलेला फोन चालणार नाही, आणि हा सोवळेपणा नाही. मायक्रोफोन सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने पुढे-मागे झाला, तर डॉप्लर परिणामाने वारंवारतेत अर्ध्या सेंटचा फरक पडतो. आपण ज्याच्या शोधात आहोत ते पुष्कळदा एवढंच असतं.

पंखा बंद करा. फिरती पाती आवाजाला कमी-जास्त करतात आणि आलेखावर नियमित लाटा उमटतात.

नमुना दर (सेकंदाला किती वेळा आवाज नोंदला जातो) ४४,१०० किंवा ४८,०००, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी). एमपी३ नको, ब्लूटूथ नको. ऑटो गेन (पातळी आपोआप कमी-जास्त करणं), नॉइज रिडक्शन, "व्हॉइस एन्हान्स" असलं जे काही असेल ते बंद. जमलं तर दोन मायक्रोफोन दोन वेगळ्या जागी ठेवून दोन चॅनेलवर एकदमच रेकॉर्ड करा. नवव्या टप्प्यात त्याचा मोठा उपयोग आहे.

पातळी अशी लावा की सर्वांत जोराच्या आघातालाही शिखर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. नंतर गेनला हात लावायचा नाही. जोराच्या आणि हलक्या आघातांची पातळी पुढे एकमेकांशी ताडून बघायची आहे आणि मध्येच बटण फिरवलं तर ती तुलना संपली.

साउंडकार्डाच्या घड्याळाची काळजी मात्र सोडून द्या. घड्याळ दशलक्षात ५० भागांनी चुकत असलं तरी फरक ०.०९ सेंटपेक्षा कमी पडतो, आणि तो सुरुवातीला आणि शेवटी सारखाच असल्यामुळे घसरणीच्या आकड्यातून आपोआप वजा होतो. लोक इथे नको तितका जीव टाकतात आणि म्यूट मात्र सैल ठेवतात.

४. वाजवण्याचा क्रम

पहिले दहा सेकंद काहीही वाजवू नका. ही शांतता पुढे लागणार आहे. मग एक हलका आघात, एक मध्यम, एक जोराचा आणि शेवटी पुन्हा एक हलका. प्रत्येक स्वर पार्श्वभूमीच्या आवाजात बुडेपर्यंत थांबा.

आघात अगदी सारखे यावेत म्हणून पट्टीवर वजनं सोडण्याची खटपट करू नका. आघात किती जोराचा होता हे रेकॉर्डिंगच सांगतं.

शेवटचा हलका आघात वगळू नका. जोराच्या ठोक्याने तार टेकूंवरून किंचित सरकू शकते आणि मग तिची वारंवारता कायमचीच बदलते. पहिला आणि शेवटचा हलका आघात विरत आल्यावर एकाच वारंवारतेवर आले नाहीत तर हा संच बाद. म्यूट, पेडल सगळं पुन्हा तपासा आणि नव्याने घ्या.

५. आधी खोटा स्वर मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. पियानोच्या रेकॉर्डिंगला हात लावण्याआधी, उत्तर आधीच माहीत असलेला कृत्रिम स्वर तयार करा आणि तुमच्या पद्धतीतून तेच उत्तर येतं का ते बघा. पायथॉनमध्ये हे काही ओळींचं काम आहे.

दोन स्वर बनवा. पहिला २२० हर्ट्झचा, सेकंदाला १० डेसिबल विरणारा, वारंवारता अगदी स्थिर. दुसरा तसाच विरणारा, पण सुरुवातीला ३ सेंट वर आणि आयामाच्या (कंपनाच्या आकाराच्या) वर्गाच्या प्रमाणात खाली येणारा. दोन्हींमध्ये चौथ्या टप्प्यातली शांतता मिसळा, म्हणजे खोलीतला खरा गोंगाट त्यांत येईल.

तपासणी: पहिल्याचा आलेख आडवी रेघ आला पाहिजे. तो खाली झुकत असेल तर तुमची पद्धतच घसरण तयार करते आहे. दुसऱ्यात सुरुवातीपासून ०.३ सेकंदावर सुमारे १.५ सेंट आणि १ सेकंदावर ०.३ सेंट दिसायला हवेत.

दुसऱ्या स्वरातून एक कटू गोष्टही कळते. आघाताचा दणका टाळण्यासाठी सुरुवातीचा पाव सेकंद सोडावाच लागतो, आणि तेवढ्यात जवळजवळ निम्मी घसरण होऊन गेलेली असते. तुमचा पहिला मोजलेला आकडा हा घसरणीचा सुरुवातीचा आकडा नसतो.

६. एक आंशिक स्वर वेगळा काढा

पहिली हौस असते ती स्पेक्ट्रम काढून शिखर कुठे सरकतं ते बघण्याची. हिशोब करून बघा. ४४,१०० नमुना दराला ४,०९६ बिंदूंचा एफएफटी (आवाज वारंवारतांच्या कप्प्यांत वाटणारं गणित) घेतला तर एकेक कप्पा १०.८ हर्ट्झचा होतो, म्हणजे ४४० हर्ट्झपाशी ४२ सेंट. कप्पा १ हर्ट्झचा करायचा तर पूर्ण सेकंदभराचा तुकडा घ्यावा लागतो आणि घसरण त्यातच विरघळते. शेजारच्या कप्प्यांवर परवलय बसवून शिखर काढता येतं, पण जवळ दुसरा सूर असला की ते फसतं. फेजची, म्हणजे लाट तिच्या चक्रात कुठे आहे ते सांगणाऱ्या कोनाची, पद्धत यापेक्षा सरळ आहे.

आधी पूर्ण रेकॉर्डिंगचा एक लांबलचक एफएफटी घेऊन निवडलेल्या आंशिक स्वराची ढोबळ वारंवारता काढा. ऑडॅसिटी किंवा सॉनिक व्हिज्युअलायझर हे ध्वनी तपासायचे प्रोग्राम एवढ्यापुरते पुरतात. हा झाला संदर्भ. मग रेकॉर्डिंगला याच वारंवारतेच्या कोसाइनने आणि उणे साइनने वेगवेगळं गुणा. पहिला गुणाकार वास्तव भाग, दुसरा काल्पनिक भाग. आपला आंशिक स्वर आता शून्य हर्ट्झच्या आसपास येऊन बसतो. दोन्ही भागांना लो-पास फिल्टर (फक्त खालच्या वारंवारता जाऊ देणारा) लावा, म्हणजे बाकीचं सगळं गळून पडेल.

फिल्टरची रुंदी हा खरा निर्णय आहे. १० हर्ट्झचा फिल्टर स्थिरावायला साधारण दशांश सेकंद घेतो. अरुंद केला तर गोंगाट कमी होतो, पण सुरुवात पुसली जाते. मधल्या सप्तकात शेजारचा आंशिक स्वर दोनशे-अडीचशे हर्ट्झ दूर असतो, तिथे १० हर्ट्झ आरामात चालतात. सर्वांत खालच्या तारेवर शेजारी २७.५ हर्ट्झवरच असतो, तिथे ५ च्या पुढे जाऊ नका.

सावधान: वीजपुरवठ्याची गुणगुण ५० किंवा ६० हर्ट्झवर आणि तिच्या पटींत असते. तुमचा आंशिक स्वर ९८ हर्ट्झचा असेल आणि गुणगुण १०० वर, तर दोन्ही फिल्टरच्या आतच पडतात. स्वर जोरात असेपर्यंत काही कळत नाही, तो विरला की आकडा हळूहळू १०० कडे ओढला जातो. स्वर वर चढल्यासारखा दिसतो आणि लोक त्यावर सिद्धांत मांडतात. अशा वेळी दुसरा आंशिक स्वर निवडा.

७. फेजवरून वारंवारता

आता प्रत्येक क्षणी दोन गोष्टी हातात आहेत: आयाम आणि फेज. फेज ३६० अंशांनंतर पुन्हा शून्यावर उडी मारते. आधी त्या उड्या काढून तिची सलग रेघ करा. रेघेचा चढ म्हणजे संदर्भापासूनचा फरक: सेकंदाला ३६० अंश म्हणजे १ हर्ट्झ. रेघ वर जात असेल तर स्वर संदर्भापेक्षा वर आहे.

ही पद्धत इतकी बारीक का, ते एका आकड्यावरून कळेल. ४४० हर्ट्झपाशी १ सेंट म्हणजे ०.२५४ हर्ट्झ, म्हणजेच सेकंदाला सुमारे ९१ अंश. एवढा फरक कागदावर काढलेल्या आलेखातही डोळ्याला दिसतो.

चढ काढताना शेजारच्या दोन बिंदूंची वजाबाकी करू नका, गोंगाटच हाती येईल. पाव सेकंदाचा तुकडा घ्या, त्यावर सरळ रेघ बसवा, तिचा चढ नोंदवा आणि अर्ध्या तुकड्याने पुढे सरका. शेवटी हर्ट्झचे सेंट करा: मोजलेली वारंवारता भागिले विसाव्याची वारंवारता, त्याचा २ पायाचा लघुगणक, गुणिले १,२००. विसाव्याची वारंवारता म्हणजे हलका आघात विरत आल्यावर जिथे स्थिरावतो ती. प्रमाणातला ४४० चा आकडा इथे वापरायचा नाही.

८. कुठे थांबायचं

दहा सेकंदांची शांतता त्याच फिल्टरमधून काढा आणि तिची पातळी मोजा. स्वराची पातळी त्यापेक्षा २० डेसिबल वर असेपर्यंतच आकडे धरा. या हद्दीवर गोंगाटामुळे फेज साधारण ४ अंश इकडेतिकडे हलते. पाव सेकंदाच्या तुकड्यात त्यातून ४४० हर्ट्झपाशी दशांश-दोन दशांश सेंटची चूक येऊ शकते, आणि त्याखाली ती झपाट्याने वाढते. आलेखाची शेपटी फेंदारलेली दिसली की ती कापा, तिच्यात अर्थ शोधू नका.

९. घसरण कशामुळे आहे ते ओळखा

एकाच वेळअक्षावर दोन आलेख काढा: वर डेसिबल, खाली सेंट. आधी वरचा बघा. पातळी एकसारखी खाली येण्याऐवजी तिच्यात खड्डे असतील आणि नेमक्या त्याच जागी सेंटचा आलेख उसळत असेल, तर हे विस्पंद आहेत: जवळच्या दोन वारंवारता एकमेकींत मिसळताहेत. खड्ड्याच्या तळाशी येणारा आकडा त्या दोन्ही वारंवारतांच्या बाहेरचाही असू शकतो, तो कशाचीच उंची नसतो.

एकच तार मोकळी असतानाही हे होतं. तार साउंडबोर्डाशी काटकोनातही हलते आणि त्याला समांतरही. काटकोनातली हालचाल पुलाला जास्त ऊर्जा देऊन लवकर संपते, समांतर रेंगाळते, आणि दोघींची वारंवारता किंचित वेगळी असते. स्वर आधी भरभर आणि नंतर सावकाश विरतो त्यामागे हेही एक कारण आहे. गॅब्रिएल वाइनरायख यांनी जोडलेल्या तारांवरच्या १९७७ च्या शोधनिबंधात हे दुहेरी विरणं उलगडलं आहे. पहिली हालचाल संपून दुसरी उरते तेव्हा मोजलेली वारंवारता एकीवरून दुसरीवर सरकते, कधी खाली, कधी वर.

ताणामुळे झालेली घसरण आणि हे सरकणं वेगळं करायला तीन कसोट्या आहेत.

पहिली दिशेची. ताणाचा परिणाम स्वर विरताना फक्त खालीच नेतो. स्वर वर चढला तर कारण दुसरं.

दुसरी सर्वांत भरवशाची, आणि यासाठीच तीन जोरांचे आघात घेतले. तिन्हींचे सेंट आधी वेळेसमोर मांडा, मग पातळीसमोर. वेळेसमोर तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्या, तर आघाताच्या जोराचा संबंध नाही, ते विस्पंद किंवा दोन दिशांची हालचाल आहे. पातळीसमोर मांडल्यावर एकमेकींवर बसल्या, म्हणजे जोराचा स्वर विरत हलक्याच्या पातळीला आला की त्याच्याच वारंवारतेवर येतो असं दिसलं, तर तो ताण. अर्धं अर्धं दिसलं तर दोन्ही आहेत, आणि तसं लिहायला लाजू नये.

तिसरी मायक्रोफोनची. दोन चॅनेलचे आलेख वेगळे आले तर मिश्रण नक्की. सारखे आले म्हणून मात्र मिश्रण नाहीच असं होत नाही.

ताणच असल्याची खात्री पटली की सेंट हे आयामाच्या वर्गासमोर मांडा. डेसिबलसमोर नव्हे, साध्या आयामाचा वर्ग. ढोबळमानाने सरळ रेघ यायला हवी. ती आयाम शून्य असताना जिथे अक्षाला छेदते ती विसाव्याची वारंवारता. सुरुवातीचा जो पाव सेकंद सोडला होता त्यातली घसरणही हीच रेघ त्या वेळच्या आयामापर्यंत वाढवून अंदाजता येते. वेळेच्या आलेखावर नजरेने शेपूट जोडून ती काढू नका. रेघ अगदी काटेकोर सरळ येणार नाही, कारण तारेचा ताण सगळ्याच आंशिक स्वरांच्या हालचालीने वाढतो आणि आपण मोजतो एकाचाच आयाम.

या वर्गाच्या नात्यातून एक झटपट पडताळाही मिळतो. पातळी १० डेसिबलने उतरली की ताणामुळे असलेला वाढावा दहाव्या हिश्श्यावर येतो. सुरुवातीला २ सेंट असतील तर तिथे ०.२ उरतात. म्हणजे सगळा खेळ पहिल्या १० डेसिबलमध्ये संपतो. "स्वर आठ सेकंद हळूहळू उतरत राहिला" असं कुणी आलेख दाखवून म्हणालं, तर तिथे ताण सोडून दुसरंच काहीतरी चाललेलं आहे.

१०. नोंद

प्रत्येक आकड्यासोबत स्वर, मोकळी ठेवलेली तार (डावी, मधली की उजवी), आंशिक स्वराचा क्रमांक, फिल्टरची रुंदी, तुकड्याची लांबी, आघातानंतर किती वेळाने पहिला आकडा घेतला आणि त्या क्षणी पातळी किती होती, एवढं लिहा. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर दोन पियानोंची तुलना करता येत नाही. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल, सुरुवातीच्या शांततेसकट, न कापता ठेवा. फिल्टर बदलून पुन्हा मोजायची वेळ येतेच.

एका तारेचं काम झाल्यावरच म्यूट काढा आणि त्याच पट्टीच्या तिन्ही तारा एकत्र मोजा. ती मोजणी वेगळ्या नावाने ठेवा. तिच्यात येणारी सरक-घसर तारांच्या जुळणीची असते, आणि ट्यूनिंग बदललं की तीही बदलते.